भाग न देताच कसं कळतं, भाग जातो की नाही?

१ ते ९ हे नऊ अंक घ्या. प्रत्येक एकदाच वापरायचा, क्रम तुमच्या मनासारखा. ४८१९२७३६५ लिहा, नाहीतर ७३५१६२९८४. अशा एकूण ३,६२,८८० संख्या तयार होतात आणि त्यांतल्या प्रत्येकीला ९ ने भाग जातो. एकही सुटत नाही.

हे कोडं ‘अंकांची जादू’ असं काहीतरी नाव लावून फोनवर अधूनमधून फिरत येतं. दर वेळी कोणीतरी विचारतंच की अंकांचा क्रम बदलला म्हणजे संख्या पार बदलली, मग भाग जाणं तेवढं कसं बदलत नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. आपण बहुतेक जण ९ ची कसोटी घोकून मोठे झालो. अंकांची बेरीज करा, तिला ९ ने भाग गेला तर संख्येलाही जातो. पण का, हे विचारायची वेळ आली तेव्हा पुढचा धडा सुरू झालेला होता.

आधी शब्द उरकून घेऊ. ३५ ला ७ ने भागलं तर काही उरत नाही, म्हणजे निःशेष भाग जातो. ३६ ला भागलं तर १ उरतो, ती बाकी. प्रत्यक्ष भागाकार न करता बाकी शून्य येणार की नाही हे ओळखायची युक्ती म्हणजे विभाज्यतेची कसोटी. एवढ्या शिदोरीवर पुढचं सगळं निभावतं.

मणी, डब्या आणि पेट्या

आपण संख्या लिहितो तेव्हा खरं तर सामान भरत असतो. ३५२ मणी आहेत असं समजा. दहादहाच्या डब्या भरल्या, दहा डब्या झाल्या की त्यांची शंभराची एक पेटी केली. शेवटी ३ पेट्या, ५ डब्या आणि २ सुटे मणी होतात. ३५२ या लिखाणाचा अर्थ इतकाच.

आता हे मणी दोन मुलांत सारखे वाटायचे आहेत. डबी उघडायचीही गरज नाही. दहाचे दोन सारखे भाग होतात, शंभराचेही होतात. प्रश्न उरतो तो सुट्या मण्यांचा. म्हणून २ साठी, ५ साठी आणि १० साठी फक्त एकक स्थानचा अंक पाहायचा.

४ मुलं असतील तर डबी अडते, कारण १० ला ४ ने भाग जात नाही. पेटी मात्र अडत नाही, १०० म्हणजे ४ × २५. म्हणून शेवटचे दोन अंक पाहायचे. ८ ला पेटीही अडते, पण हजाराचं खोकं अडत नाही, १००० म्हणजे ८ × १२५. म्हणून शेवटचे तीन. ७,३१,९१६ ला ४ ने भाग जातो कारण १६ ला जातो. ८ ने जात नाही कारण ९१६ ला जात नाही. पुढच्या १६ आणि ३२ च्या कसोट्या तुम्ही स्वतःच लिहू शकाल.

लीप वर्षाचा नियम याच जातीचा आहे. १५८२ साली आलेल्या ग्रेगोरियन कालगणनेत ४ ने भाग जाणारं वर्ष लीप, पण शतक पूर्ण करणारं वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप. शेवटची दोन शून्यं झाका आणि उरलेल्याला ४ ने भाग जातो का पाहा. १९ ला जात नाही, म्हणून १९०० लीप नव्हतं. २० ला जातो, म्हणून २००० होतं.

नऊ मुलं आली तर

इथे गंमत सुरू होते. तेच ३५२ मणी, मुलं ९. एक डबी उघडली, प्रत्येकाला एकेक मणी दिला, डबीत १ उरला. दुसरी उघडली, तिच्यातही १ उरला. पाच डब्यांतून पाच मणी उरले. पेटी उघडली, प्रत्येकाला ११ मणी दिले, ९९ गेले, १ उरला. तीन पेट्यांतून तीन. सुटे दोन तर हातातच होते.

उरलेले किती? ३ + ५ + २. म्हणजे अंकांची बेरीज!

बेरजेचं गुपित हे असं आहे. डबी असो, पेटी असो की लाखाचं गाठोडं, ९ मुलांत वाटलं की प्रत्येकातून नेमका एकच मणी उरतो, कारण ९, ९९, ९९९ या सगळ्यांना ९ ने भाग जातो. तेव्हा पेटी आणि डबी यांच्यातला फरकच मिटतो आणि कुठला अंक कुठल्या जागी बसलाय याला अर्थ राहत नाही. १ ते ९ ची बेरीज ४५, क्रम काहीही असो. फोनवरचं कोडं इथे सुटलं.

आपल्या ३५२ मध्ये उरले १०. पुन्हा एकेक वाटला, शेवटी १ राहिला. ३५२ ला ९ ने भागून पाहा, बाकी १ च येते. म्हणजे ही कसोटी नुसतं हो-नाही सांगून थांबत नाही, बाकीही सांगते. ३ ची कसोटी हीच, कारण ९, ९९, ९९९ यांना ३ नेही भाग जातो.

अकरा: उधारीचा हिशेब

११ मुलं आली की डबीत एक मणी कमी पडतो. दहा जणांना मिळाला, अकरावा हात पसरून उभा. म्हणजे दर डबीमागे १ मण्याची उधारी. पेटीतून मात्र ९९ वाटून १ शिल्लक राहतो. हजाराच्या खोक्याला पुन्हा एक कमी, कारण १००१ ला ११ ने भाग जातो. शिल्लक, उधारी, शिल्लक, उधारी असं आलटूनपालटून चालतं.

३५२ मध्ये शिल्लक ३ आणि २ मिळून ५. उधारी ५. फिटंफिट. ११ × ३२ = ३५२. ‘एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करा आणि वजाबाकी ० किंवा ११ च्या पटीत येते का पाहा’ हे वाक्य लहानपणी मला मंत्रासारखं वाटायचं. उधारी म्हटल्यावर ते साधं हिशेबाचं झालं.

सात का छळतो?

७ पाशी आलो की आम्हाला सांगितलं जायचं, ‘सरळ भागून पाहा.’ कसोटी नाही म्हणून नव्हे, ती लक्षात ठेवायला कटकटीची आहे म्हणून. डबीतून ७ मुलांना वाटल्यावर ३ उरतात, पेटीतून २, हजारातून ६, मग ४, मग ५, आणि दहा लाखाला पुन्हा १. चक्र असं: १, ३, २, ६, ४, ५. प्रत्येक अंकाला आपापल्या जागेच्या आकड्याने गुणून बेरीज करायची. ३५२ साठी २×१ + ५×३ + ३×२ = २३, त्याला ७ ने भागून बाकी २. खरी बाकीही २ च.

कुठल्याही भाजकासाठी अशी उरलेल्यांची यादी करता येते, हा सर्वसाधारण मार्ग फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकातच दाखवला. त्याचा तो निबंध १६६५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यामुळे ‘अमक्या संख्येला कसोटीच नाही’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. कसोटी प्रत्येकाला आहे. काहींची भागाकारापेक्षा जास्त दमवते, एवढंच.

७ साठी मात्र एक हलकी युक्ती आहे. शेवटचा अंक खोडा, त्याची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करा. २४७१ घ्या. १ खोडला, २४७ मधून २ गेले, २४५. ५ खोडला, २४ मधून १० गेले, १४. भाग जातो.

हे का चालतं? २४७१ मधून आपण प्रत्यक्षात २१ वजा केले. २१ हा ७ च्या पाढ्यातला, त्यामुळे भाग जाण्या-न-जाण्यावर परिणाम नाही. आले २४५०. शेवटचं शून्य पुसलं तरी चालतं, कारण १० आणि ७ यांच्यात सामाईक काही नाही. पुढच्या पायरीत एकक ५, म्हणून पाच वेळा २१, म्हणजे १०५ वजा केले. २४५ चे झाले १४०, शून्य पुसून १४.

हातखंडा कळला की दुसऱ्या संख्यांसाठीही बनवता येतो. भाजकाच्या पाढ्यात १ किंवा ९ ने संपणारी संख्या शोधायची. १७ ला ५१ सापडते, म्हणून शेवटच्या अंकाची पाचपट वजा करा. १३ ला ३९, ती ४० ला एक कमी, म्हणून चौपट मिळवा. १९ ला तो स्वतःच, म्हणून दुप्पट मिळवा.

एक सावधगिरी मात्र हवी. या खोडाखोडीत बाकी टिकत नाही. ३५२ वर दुपटीची युक्ती चालवली तर ३५ − ४ = ३१, आणि ३१ ची ७ ने बाकी ३. खरी बाकी २ होती. भाग जातो का एवढंच ती सांगते.

मला सगळ्यांत आवडते ती १००१ ची कसोटी. ७ × ११ × १३ = १००१. म्हणजे हजाराच्या खोक्याला या तिघांपैकी कोणासाठीही नेमका एक मणी कमी. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि अकरासारखं एक गट शिल्लक, एक उधार असं मोजा. इथे आपले नेहमीचे स्वल्पविराम विसरायचे. ते हजारानंतर दोन-दोन अंकांवर पडतात, गट मात्र तिनाचेच हवेत. २४६८४६६ चे गट २, ४६८, ४६६. हिशेब ४६६ − ४६८ + २ = ०. एका फटक्यात कळलं की ७, ११ आणि १३ या तिघांनीही भाग जातो.

दोन कसोट्या जोडल्या की तिसरी मिळते का?

कधी मिळते, कधी नाही. २ आणि ३ ने भाग गेला तर ६ ने जातोच. मग ४ आणि ६ ने गेला तर २४ ने जावा? ३६ पाहा. ४ ने जातो, ६ ने जातो, २४ ने नाही. ४ आणि ६ दोघेही आतून २ घेऊन आले आहेत आणि आपण तोच २ दोनदा मोजला. जोडीत सामाईक काही नको. २४ साठी ३ आणि ८ घ्या.

नऊ खरंच खास आहे का?

अंकशास्त्रवाल्यांना दुखावायचं नाही, पण नाही. त्याचं भाग्य एवढंच की आपण डबी दहाची केली. हाताला बोटं आठ असती आणि आठाची डबी केली असती, तर हाच मान ७ ला मिळाला असता.

करून पाहा. तेच ३५२ मणी आठाच्या डब्यांत भरा, आठ डब्यांची म्हणजे ६४ ची पेटी. होतात ५ पेट्या, ४ डब्या, सुटे शून्य. लिखाण झालं ५४०. अंकांची बेरीज ९, त्यातून ७ गेले, उरले २. मघाशी ७ ची बाकी २ च आली होती. इतका छळणारा सात इथे नुसत्या बेरजेवर वश झाला.

मणी तेवढेच राहिले, भाग जाणं-न जाणं तेच राहिलं. बदललं फक्त लिखाण, आणि त्याबरोबर कसोटी बदलली.

उत्तराचा ताळा आणि नवाचा आंधळेपणा

कसोट्यांचा जुना उपयोग म्हणजे गुणाकाराचा ताळा पाहणं. ४७६ × ३८ = १८,०८८ बरोबर आहे का? ४७६ ची अंकबेरीज १७, तिची ८. ३८ ची ११, तिची २. ८ × २ = १६, त्याची ७. उत्तराची अंकबेरीज २५, तिचीही ७. ताळा जमला.

पण ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबरच, असं नाही. चुकून १८,८०८ लिहिलं असतं तरी जमला असता, कारण अंक तेच. क्रमाकडे न पाहणं ही नवाची ताकद आणि तोच त्याचा आंधळेपणा. जुने हिशेबनीस यातूनही कामाची गोष्ट काढतात. दोन बाजूंचा मेळ बसत नसेल आणि फरक ९ च्या पटीत असेल, तर कुठेतरी आकडे उलटे पडले असण्याचा संशय आधी घ्यायचा. ५,२८३ च्या जागी ५,८२३ पडले तर फरक ५४०, म्हणजे ९ × ६०.

अदलाबदल पकडायला अकराच्या वळणाची कसोटी लागते. पुस्तकांवरच्या आयएसबीएन क्रमांकात २००७ पूर्वी दहा अंक असत. पहिल्या अंकाला १० ने, दुसऱ्याला ९ ने, असं उतरत शेवटच्याला १ ने गुणायचं. बेरजेला ११ ने भाग गेलाच पाहिजे; तो जावा असाच शेवटचा, तपासणीचा अंक निवडत. शेजारचे दोन वेगळे अंक उलटे झाले की बेरीज त्यांच्या फरकाइतकी, म्हणजे १ ते ९ ने हलते (तपासणीचा १० धरला तर फार तर १० ने). ११ ची पट होणं अशक्य, चूक लगेच उघडी. शेवटी १० बसवायची वेळ आली तर ‘एक्स’ छापत, रोमन दहा. जुन्या पुस्तकाच्या मागे तो एक्स पाहून मला ती छपाईची चूकच वाटली होती.

आताच्या तेरा अंकी क्रमांकात अंकांना आलटूनपालटून १ आणि ३ ने गुणतात आणि बेरजेला १० ने भाग जावा लागतो. एक्स गेला, पण पकड जराशी ढिली झाली. शेजारच्या अंकांत ५ चा फरक असेल, समजा २७ चे ७२ झाले, तर बेरीज नेमकी १० ने हलते आणि चूक निसटते.

पण कॅल्क्युलेटर आहे ना!

आहे, आणि छोट्या संख्येला तोच बरा. पण त्याच्याही अंगणाला कुंपण असतं. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळतं. सोळा अंकी संख्या टाइप केली की सोळावा अंक मुकाट्याने शून्य होतो. मग तिला २ ने, ५ ने, १० ने भाग जायला लागतो! कागदावर अंकांची बेरीज करणाऱ्याला सोळा काय नि साठ काय.

उलट कसोट्यांचंही कुंपण आहे. ‘या संख्येला ७ ने भाग जातो का’ याचं उत्तर त्या देतात. ‘हिला कशाने भाग जातो’ याचं देत नाहीत. ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेच तिला भाग जात नाही, असा फर्मा या मोठ्या गणितीचा अंदाज होता. आपल्या कसोट्या लावू. एकक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. तिनाचे गट २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०; ३८० ला ७, ११, १३ कोणीच भागत नाही. पुढे किती वेळ चालायचं? १७३२ मध्ये ऑयलर या गणितीने दाखवून दिलं की ६४१ ने भाग जातो: ६४१ × ६७,००,४१७. हिच्या कुठल्याही मूळ भाजकातून १ वजा केला तर उरलेल्याला ६४ ने भाग जाणं भागच आहे, हे त्याने सिद्धही केलं. त्यामुळे तपासायच्या मूळ संख्यांच्या रांगेत ६४१ चा नंबर अवघा पाचवा लागतो.

आता सगळ्या कसोट्या एकदम

० ते ९ हे दहा अंक एकेकदा वापरून अशी संख्या करा की पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ ने भाग जावा, पहिल्या तिनांच्या संख्येला ३ ने, असं करत दहाच्या दहा अंकांना १० ने.

दहाव्या जागी ० येणार. पाचव्या जागी ५. दुसरी, चौथी, सहावी, आठवी जागा सम अंकांची, म्हणून उरलेल्या विषम जागांवर १, ३, ७, ९. तिसरा अंक विषम, त्यामुळे ४ च्या कसोटीसाठी चौथा २ किंवा ६ च हवा. पहिल्या तीन अंकांची बेरीज ३ च्या पटीत, पहिल्या सहांचीही, म्हणून मधल्या तिघांचीही. मग चौथा-पाचवा-सहावा मिळून २५८ किंवा ६५४, तिसरा पर्याय नाही.

सहावा अंक ८ किंवा ४ असल्यामुळे ८ च्या कसोटीत सातवा-आठवा मिळूनच ८ ची पट हवी. २५८ असेल तर १६ किंवा ९६. ६५४ असेल तर ३२ किंवा ७२. यात पुन्हा ३ ची कसोटी लावली की लाखोंतून फक्त दहा उमेदवार उरतात: २५८ चे दोन, ६५४ चे आठ. ९ ची कसोटी कोणालाच अडवत नाही, ते आपण सुरुवातीलाच पाहिलं.

राहिला सात. पहिल्या सात अंकांचे तिनाचे गट पाडून तपासा. १८९६५४३ चे ५४३ − ८९६ + १ = −३५२. पुन्हा आपला ३५२, बाकी २, बाद. ९८७६५४३ चे −३२४, बाद. असे नऊ गळतात. ३८१६५४७ चे ५४७ − ८१६ + ३ = −२६६, आणि २६६ म्हणजे ७ × ३८.

३८१६५४७२९०.